सहापैकी सहाव्या

२४ ऑगस्ट, रविवार

युवराज सरांनी आज आम्हां सगळ्यांना एकेक दोनशे पानी वही दिली. सर आमच्या कॉलेजचे क्रीडा शिक्षक. म्हणाले, "रोज लिहायचं. किती पळालात, काय खाल्लं, किती झोपलात, काय चुकलं." दर सोमवारी ते वह्या तपासणार होते. पण उत्कर्षाने विचारलं, "अठरा वह्या वाचणार का सर तुम्ही?" तेव्हा सर जरा दचकले. "नको, तुमची तुम्हीच वाचा," म्हणाले. त्यामुळे ही वही माझी एकटीची झाली.

तर पळाले: मैदानाला आठ फेऱ्या. खाल्लं: दोन भाकरी, शेंगाचटणी, एक केळं. झोप: भरपूर. चूक: आज तरी काही नाही.

मी कीर्ती, बी.ए.चं दुसरं वर्ष, आमच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. मागच्या वर्षी आम्ही फायनलपर्यंत गेलो आणि एका गोलने हरलो. यंदा आमच्या गटात सहा कॉलेजं आहेत, प्रत्येकाशी एक मॅच, म्हणजे एकूण पाच. उत्कर्षा कॅप्टन आहे. ती मोडनिंबची, हॉस्टेलला राहते, शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या वर्षी तिने एकटीने अकरा गोल मारले. यंदा विद्यापीठाच्या संघात तिची निवड होणार यात कुणाला शंका नाही. माझीही होऊ शकते, असं सर एकदा म्हणाले होते. ते मी अजून घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

साडेपाचनंतर आमच्या मैदानावर पिवळं ऊन तिरपं येतं. यंदा तर ते बघतच राहावंसं वाटतं. पळणाऱ्या मुलींच्या कडा विरघळल्यासारख्या होतात. प्रत्येकीच्या मागून तिचीच एक फिकट मुलगी पळत असते. बॉल उंच गेला की त्याच्या शेजारी आणखी एक बॉल येतो, पुसट, गाईला लागून वासरू चालावं तसा. गोलकीपरला निम्मा वेळ काही काम नसतं. मी खांबाला टेकून हे सगळं बघत राहते. इतकं सुंदर मैदान जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचं नसेल.

३१ ऑगस्ट, रविवार

बार्शीच्या कॉलेजशी पहिली मॅच, आमच्याच मैदानावर. ०–३ हरलो.

तिन्ही गोल लांबून आले. पहिला तर जवळजवळ मैदानाच्या मध्यापासून मारलेला. बॉल वर गेला आणि पांढऱ्या ढगात मिसळून गेला. मी वाट बघत होते. एक बगळा चालला होता मैदानावरून, मी त्याच्याकडे बघितलं असेन. मग मागून जाळीचा आवाज आला.

हाफटाइमला सर म्हणाले, "कीर्ती, झोपली होतीस काय?"

मी म्हटलं, "नाही सर, अंदाज चुकला."

खरं तर मला असं वाटलं की बॉल आलाच नाही. वर गेला आणि राहिला तिथेच. पण हे सांगितलं असतं तर सगळ्या हसल्या असत्या.

 उत्कर्षा माझ्याकडे बराच वेळ बघत होती एवढं कळलं. तिचा चेहरा कसा होता ते समजलं नाही, ती उन्हाकडे पाठ करून उभी होती.

३ सप्टेंबर, बुधवार

गौरम्मा आता मला वैताग आणते. ती आमची बचावातली मुख्य खेळाडू. अक्कलकोटच्या पुढच्या एका गावची, घरी सगळं कन्नड. धिप्पाड आहे आणि आवाज त्याहून धिप्पाड. सोमवारपासून ती माझ्या अगदी पुढ्यात उभी राहते आणि बॉल आला की ओरडते, "बलक्क!" म्हणजे उजवीकडे. "यडक्क!" म्हणजे डावीकडे. मला तेवढं कन्नड तिच्यामुळेच आलं.

मी म्हटलं, "अगं, मला दिसतंय ना. म्हैस हाकल्यासारखी काय ओरडतेस?"

ती म्हणाली, "मला सवय हाय तशी. तू ऐकू नको की."

पण ऐकू येतंच. आणि खरं सांगायचं तर ऐकलं की हात आपोआप तिकडे जातात. त्याचाच राग येतो.

डोळे फार खाजतात. मैदानाची धूळ. मनगटाने जोरात चोळले की इतकं बरं वाटतं, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे हिरवे-जांभळे गोल फिरत राहतात.

७ सप्टेंबर, रविवार

मोहोळला मॅच. ०–२.

आज नवीन गोष्ट म्हणजे उत्कर्षा सगळा वेळ मागेच खेळली. तिची जागा समोरच्या गोलजवळ, आणि ती आमच्याच गोलपुढे! एकदा मी मागे वळले तर खांबाजवळ उत्कर्षा उभी. सर बाहेरून ओरडत होते, "उत्कर्षा, पुढं जा! पुढं!" ती हात वर करून हो म्हणायची आणि दोन मिनिटांनी परत आमच्यात.

येताना गाडीत संस्कृती मला हळूच म्हणाली, "कॅप्टनला झालंय काय? मी डाव्या बाजूने पळत पळत जाते, बॉल आत टाकते, तर तिथं कुणीच नाही." संस्कृती डावीकडून खेळते, वाऱ्यासारखी पळते. मीही म्हटलं, "शेवटच्या वर्षाला आली की मन लागत नसेल."

हे लिहिताना थोडं वाईट वाटतंय. पण वही खरं लिहायलाच आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज सरावाला दांडी मारली, पाय दुखत होता.

वर्गात मी आता पहिल्या बाकावर बसते. मागे बसलं की फळ्यावरची अक्षरं एकमेकांवर चढतात. अर्थशास्त्राच्या मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, "कीर्ती यंदा अभ्यासाला लागली." आईला सांगितलं तर ती अंगणवाडीतल्या बाईंनाही सांगून आली.

संध्याकाळी गच्चीवर बसले. आमच्या मिलिंद नगरातून लांबवर एका कारखान्याची चिमणी दिसते, तिच्यावर लाल दिवा असतो. आता तिथे एकाऐवजी लाल फुलांचा झुबका दिसतो, मंद हलणारा. नवीन दिवे लावले असतील. मी कितीतरी वेळ बघत बसले. मला वाटतं की मी यंदा जरा कवितेच्या अंगाने चाललेय. खेळाडूसाठी हे चांगलं नव्हे.

१४ सप्टेंबर, रविवार

आज लिहायला किती तरी आहे!

नातेपुतेला मॅच होती आणि आम्ही पहाटे निघालो ते नेमके पप्पांच्या गाडीने. माझे पप्पा एसटीत ड्रायव्हर आहेत, सोलापूर–नातेपुते त्यांचीच गाडी. पोरींनी सगळ्या रस्त्याने गाणी म्हटली. उतरताना पप्पा खिडकीतून म्हणाले, "गोल खाऊ नका, जेवून घ्या आधी." सगळ्या हसल्या.

मॅच ०–० झाली. आमचा मोसमातला पहिला गुण! आणि तो मी आणला, असं सगळ्या म्हणतात.

शेवटच्या दहा मिनिटांत संस्कृतीच्या हाताला बॉल लागला आणि पेनल्टी मिळाली त्यांना. मी गोलरेषेवर उभी राहिले. समोर ती मुलगी, लाल जर्सी. मला तिची जर्सी दिसत होती आणि बाकी ती धुक्यातल्यासारखी. सगळं एकदम शांत झालं. लांब कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता. तिची पावलं ऐकू आली, एक, दोन, तीन, आणि तेवढ्यात गौरम्माची आरोळी, "बलक्क!" मी उजवीकडे झेप घेतली. बॉल येऊन पोटावर असा बसला की श्वास गेला. मी त्याला धरूनच पडून राहिले. मातीचा वास येत होता. बॉल एकच होता, शिवणीसकट, माझ्या नाकासमोर.

सगळ्या येऊन अंगावर पडल्या. सर म्हणाले, "पुढच्या मॅचला विद्यापीठाचे निवडकर्ते येणार आहेत. असंच खेळ."

एकच गोष्ट खटकली. गौरम्मा ओरडली नसती तरी मी उजवीकडेच गेले असते. मला आतून वाटलंच होतं. आता सगळ्यांना वाटणार की तिने सांगितलं म्हणून. हे तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "व्हय की, तूच अडवली." आणि पाण्याची बाटली पुढे केली.

२१ सप्टेंबर, रविवार

आजची मॅच पावसाने रद्द. आठ दिवस पाऊस थांबलेला नाही. मैदानाचा तलाव झालाय आणि त्यात दोन्ही गोलचे खांब उभे आहेत, दोन दारं असल्यासारखे. ही मॅच आता पाच ऑक्टोबरला होणार, निवडकर्तेही तेव्हाच येणार.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. आई आणि मी पांढऱ्या साड्या नेसून संध्याकाळी विहारात गेलो. पप्पा ड्यूटीवर.

वंदना सुरू झाली तेव्हा लाइट गेली, म्हणून नुसत्या मेणबत्त्या होत्या. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं. प्रत्येक ज्योतीला पाच-सहा पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीभोवती इंद्रधनुष्याचं कडं. बुद्धमूर्तीचा चेहरा त्या सगळ्या उजेडात हलल्यासारखा, हसल्यासारखा.

घरी येताना मी म्हटलं, "आई, किती मेणबत्त्या लावल्या यंदा!"

आई म्हणाली, "दरवर्षीएवढ्याच की गं. बारा."

मी तर तीसपर्यंत मोजून सोडून दिलं होतं.

५ ऑक्टोबर, रविवार

०–४. शहरातल्याच दुसऱ्या कॉलेजकडून, आमच्याच मैदानावर, निवडकर्त्यांसमोर.

काय लिहू? एक गोल माझ्या दोन्ही हातांच्या मधून गेला. मी दोन बॉलपैकी एकाला हात घातला आणि तो बॉलच नव्हता. असं कुणाला सांगता येतं का?

मॅच संपल्यावर आम्ही कपडे बदलायच्या खोलीत आलो. मला इतका राग आला होता, स्वतःचाच, पण मी तो उत्कर्षावर काढला. म्हटलं, "चार मॅच झाल्या. आपण एक तरी गोल मारला का? तू कॅप्टन ना? मागच्या वर्षी अकरा मारलेस. यंदा तू आमच्या गोलपुढे काय राखण करतेस?"

उत्कर्षा बूट सोडत होती. तिने मान वर केली नाही.

गौरम्मा म्हणाली, "कीर्ती, पुरे."

"तू तर बोलूच नकोस. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडतेस. निवडकर्त्यांना वाटलं असेल की हिला खेळताच येत नाही, हिची मैत्रीण हिला चालवते."

कुणीतरी दार उघडून बाहेर गेलं. उत्कर्षा होती. एक बूट पायात, एक हातात.

मी खरं तेच बोलले असं मला वाटतं. मग झोप का येत नाही?

९ ऑक्टोबर, गुरुवार

तीन दिवस सरावाला गेले नाही. कुणाचा फोनही घेतला नाही.

सकाळी पप्पा डबा विसरून गेले. आईने मला स्टँडवर पिटाळलं. दहाची वेळ, समोरून ऊन, गर्दी. गाड्या सगळ्या सारख्या लाल. एका गाडीला टेकून खाकीतले एक जण उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि विचारलं, "काका, नातेपुते गाडी कुठली हो?"

ते सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "कीर्ते, मी हाय की."

पप्पाच होते! मला इतकं हसू आलं. म्हटलं, "अहो, उन्हामुळं दिसलाच नाहीत."

पप्पा हसले नाहीत. त्यांनी डबा घेतला, सीटवर ठेवला. मग लहानपणी खेळायचो तसं म्हणाले, "त्या पल्याडच्या गाडीचा नंबर वाच बरं."

मी उगाच काहीतरी आकडे सांगितले. लहानपणीही मी असंच करायचे आणि पप्पा "खोटारडी" म्हणून गाल ओढायचे.

"आन् बोर्ड? कुटं चाललीय ती गाडी?"

"बार्शी?"

"वर घड्याळ हाय बग. किती वाजलं?"

"दहा वाजले असतील. पप्पा, तुमची गाडी सुटेल की."

कंडक्टर काका घंटी वाजवत होते. पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. पप्पा असं कधी करत नाहीत. मला वाटतं, आईने त्यांना सांगितलं असेल की मी मॅच हरल्यापासून नीट जेवत नाहीये.

"घरी रिक्षानं जा," म्हणाले. "रस्ता वलांडताना हात धर कुणाचातरी."

मी एकोणीस वर्षांची आहे!

११ ऑक्टोबर, शनिवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

पप्पांनी सुट्टी काढली होती. ड्रायव्हर लोकांची डोळ्यांची तपासणी असते, म्हणून सोबत चल म्हणाले. दवाखान्यात गेल्यावर केसपेपरवर त्यांनी माझं नाव सांगितलं.

मी म्हटलं, "पप्पा, चुकलं, तुमचं सांगा." तर ते नुसते समोर बघत राहिले.

डॉक्टर बाई होत्या, मृदू आवाजाच्या. भिंतीवरच्या पाटीवर वरचं एक मोठं अक्षर मला आलं, तेही अंदाजाने. उजव्या डोळ्याने तेही नाही. मग एका मशीनमध्ये हनुवटी ठेवून बसवलं आणि पडद्यावर माझ्या डोळ्याचा नकाशा आला. मध्ये लाल, भोवती पिवळा, कडेला हिरवा. मला तोही सुंदर वाटला, काय सांगू.

बाई म्हणाल्या, डोळ्याचा समोरचा काचेसारखा पडदा पातळ होत चाललाय आणि शंकूसारखा पुढे येतोय. या आजाराला केराटोकोनस म्हणतात. माझ्या वयात येतो आणि वाढत जातो. डोळे चोळणाऱ्यांना जास्त. "किती दिवस दोन-दोन दिसतंय?"

मी म्हटलं, "दोन-दोन नाही. म्हणजे, वस्तूजवळ तिची सावली असते तशी."

"दिव्यांभोवती कडी?"

"हो. पण ती तर सगळ्यांनाच दिसतात ना?"

बाईंनी पप्पांकडे बघितलं. मग माझ्याकडे. "नाही गं," म्हणाल्या.

साध्या चष्म्याने फारसं साधणार नाही. आधी वाढ थांबवायची, डोळ्यात औषधाचे थेंब टाकून वरून निळसर प्रकाश सोडतात. आधी उजवा, मग डावा. बारा नोव्हेंबरची तारीख दिलीय. नंतर खास लेन्स. तोवर डोळ्यांना हात लावायचा नाही, आणि गोलमध्ये उभं राहायचं नाही. बॉल चेहऱ्यावर बसला तर धोका आहे. पुढे कधी खेळता येईल का, विचारलं तर म्हणाल्या, "ते नंतर बघू. खोटं सांगत नाही तुला."

बाहेर आल्यावर आम्ही रसाच्या गाड्यावर बसलो. पप्पा म्हणाले, "मी रोज पन्नास मानसं घेऊन जातो. समोरच्याच्या लाइटवरनं वळकतो की ड्रायव्हर झोपलाय का जागा. आन् माझ्या घरात, माझ्या लेकीचं, मला कळू नये?"

मी म्हटलं, "पप्पा, मलाच कळलं नाही."

त्यांचा ग्लास तसाच राहिला. मी दोन्ही प्यायले.

आत्ता गच्चीवर गेले होते. चिमणीवर झुबका तसाच आहे. म्हणजे तिथे एकच दिवा आहे. हा सगळा उजेड, ही फुलं, पळणाऱ्या मुलींमागच्या फिकट मुली, हे बाहेर नव्हतंच कुठे. मला रडू येतंय, पण डोळे पुसायचे तरी कसे, हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सरावाला गेले. खेळायला नाही, सांगायला.

सर ऐकता ऐकता मैदानात खालीच बसले. "मी तुला झोपली होतीस काय म्हणालो," एवढंच म्हणाले. आणि नंतर पुन्हा तेच म्हणाले.

मग मुलींना सांगितलं. मला वाटलं होतं की सगळ्यांना धक्का बसेल. पण कुणी "अय्या" म्हटलं नाही. नुसत्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

गौरम्मा म्हणाली, "आता सांगतेस होय?"

"म्हणजे?"

"आम्हाला पैल्या मॅचलाच कळलं की. बॉल हिकडं, तू बगळ्याकडं बघत होती. मी दुसऱ्या दिवशी बॉल न टाकता नुसता हात हलवला, तरी तू झेलायला गेली."

 "मग बोलला का नाहीत?"

उत्कर्षा पहिल्यांदा बोलली. "आम्हाला वाटलं, तू लपवतेस. कळलं तर घरचे खेळ बंद करतील, सर बाहेर बसवतील, म्हणून. तू सांगत नाहीस म्हणजे तुला सांगायचं नाही. मग आम्ही ठरवलं की आपण सांभाळून घ्यायचं."

"पण मला खरंच माहीत नव्हतं!"

"खरंच?"

"आईची शपथ."

 मग संस्कृतीला हसू आलं. ती म्हणाली, "ए, मला तर कुणी सांगितलंच नव्हतं! मी आपली बॉल टाकतेय, टाकतेय." त्यावर सगळ्या हसायला लागल्या, आणि गौरम्मा हसता हसता रडायला लागली. ती रडतानाही केवढ्याने रडते.

मी उत्कर्षाला म्हटलं, "म्हणून तू मागे होतीस? पाच तारखेलासुद्धा?"

ती नाडी बांधत होती. "मी पुढं गेले असते तर मागं कोण होतं?" म्हणाली.

"निवडकर्ते आले होते, उत्कर्षा."

"माहिती आहे. नाडी तुटली बघ माझी. कुणाकडे जादा आहे का?"

माझ्याकडे होती. मी माझ्या बुटातली काढून दिली. आता मला लागणारही नव्हती. माफी मागायची होती, ती राहूनच गेली. ती नाडी ओवत होती आणि मी तिच्याजवळ बसून राहिले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

विद्यापीठाच्या संघाची यादी लागली. आमच्या कॉलेजातून कुणी नाही.

उत्कर्षाचं नाव शोधायला मी यादीला नाक लावून दोनदा वाचलं. जवळचं मला नीट दिसतं.

हॉस्टेलवर गेले तर ती कपडे वाळत घालत होती. आता सांगितलं, "माझं चुकलं. त्या दिवशी मी वाटेल ते बोलले."

ती म्हणाली, "बोललीस खरी. लई लागलं मला." एक टॉवेल झटकून दोरीवर टाकला. "आणि यादीचं पण लागलंय. उगाच मोठेपणा नाही करत मी. काल रात्री वाटलं की आपण मूर्ख आहोत."

मी तिच्या बादलीतले ओले कपडे पिळून देत राहिले. सगळे झाल्यावर ती म्हणाली, "शुभदाला घेऊन बसत जा रोज. तिला गोलमध्ये उभं कसं राहायचं तेच कळत नाही."

शुभदा आमची राखीव गोलकीपर. आजवर एकही मॅच खेळलेली नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीची सुट्टी संपल्यापासून रोज शुभदाचा सराव घेते. मी खांबामागे बसते, जाळीच्या बाहेर. मला बॉल दिसत नाही, पण तिचे पाय कुठे आहेत ते दिसतं आणि बॉल कुठून निघाला ते ऐकू येतं. मारणारीचं पाऊल जड पडलं की उंच येणार. हे मी कधी शिकले तेच माहीत नाही.

शुभदा म्हणते, "तू न बघता कसं सांगतेस गं?" ती फार घाबरट आहे. पण डोळे छान आहेत तिचे.

मला तिचा थोडा हेवा वाटतो. थोडा नाही, बराच.

९ नोव्हेंबर, रविवार

शेवटची मॅच, अक्कलकोटला. १–२ हरलो. पाच मॅच, एक गुण, सहापैकी सहाव्या. हे आधीच लिहून टाकते म्हणजे झालं.

गौरम्माच्या गावाहून जीप भरून माणसं आली होती. तिची आई माझ्या शेजारी येऊन बसली. तिला मराठी येत नाही, मला "बलक्क, यडक्क"च्या पुढे कन्नड येत नाही. तिने माझा हात हातात घेतला आणि मॅच संपेपर्यंत सोडला नाही. गौरम्माने सांगून ठेवलं असणार.

बाहेरून मॅच म्हणजे मला रंगांची ये-जा. निळ्या आमच्या, पिवळ्या त्यांच्या. पण एक कळत होतं, निळा रंग आज पुढे जात होता. पहिल्यांदाच. उत्कर्षा मागे नव्हती. शुभदाने दोन गोल खाल्ले आणि तिचे अडवलेले मी टाळ्यांवरून मोजले, सात. मला आनंद होत होता आणि त्याच्या खाली काहीतरी टोचतही होतं. माझ्याशिवाय हा संघ बरा खेळतो.

शेवटची पाच मिनिटं राहिली असतील. निळा रंग सगळा पलीकडच्या गोलपाशी गोळा झाला, एकदम गलका झाला, आणि गौरम्माची आई हात सोडून उठली आणि नाचायला लागली. मी विचारत होते, "गोल? आपला?" आणि मला कुणी उत्तर देत नव्हतं, सगळे ओरडत होते. मीही मग ओरडले.

मोसमातला आमचा पहिला गोल, आणि शेवटचा. उत्कर्षाचा. आणि मला तो दिसला नाही.

परतीच्या एसटीत आम्ही मागच्या सीटवर दाटून बसलो. बाहेर संधिप्रकाश होता, शेतांवर धूसर निळं पडत चाललेलं. मी म्हटलं, "मला सांगा. सगळं सांगा. काही सोडू नका."

गौरम्मा म्हणाली, "मी थ्रो केला. दोन हातानं, डोक्यावरनं, असा. लई लांब टाकला."

"लांब नाही, संस्कृतीच्या पायात टाकलास," शुभदा म्हणाली.

"तू तर त्या टोकाला होतीस, तुला काय दिसलं?"

"गोलकीपरला सगळं दिसतं," शुभदा म्हणाली आणि लगेच जीभ चावून माझ्याकडे बघितलं. मी हसले. मग ती पुढे सांगू लागली. संस्कृती डावीकडून पळाली, एकीला चुकवून. संस्कृती म्हणाली, एकीला नाही, दोघींना. तिने बॉल आत टाकला. "आणि या वेळी तिथं कुणीतरी होतं!" बॉल उंचवट्यावर आपटून विचित्र उडाला. इथून पुढे प्रत्येकीचा गोल वेगळा. कुणी म्हणालं डाव्या पायाने, कुणी म्हणालं गुडघ्याला लागून गेला, सर पुढच्या सीटवरून वळून म्हणाले, "डोक्यानं! स्पष्ट डोक्यानं!" त्यांच्या गोलकीपरच्या बोटांना लागून बॉल रेषेवर हळूहळू लोळत गेला, इतका हळू की गौरम्मा म्हणते तिला मध्ये दोनदा श्वास घेता आला.

मी उत्कर्षाला विचारलं, "तू सांग. कशाने मारलास?"

ती खिडकीशी बसली होती, माझ्या नाडीचा बूट मांडीवर घेऊन. "मला काय माहीत," म्हणाली. "मी डोळे मिटले होते."

एसटीत केवढा हशा झाला. कंडक्टरने वळून बघितलं. हशा ओसरला आणि गाडीचा नुसता आवाज राहिला. मी पण डोळे मिटून घेतले. थ्रो कुठून झाला ते आलं, संस्कृती आली, उंचवटा आला, पण तिथून पुढे बॉल सापडेना.

"गौरम्मा," मी म्हटलं, "परत सांग की. पहिल्यापासून."